गळाची काठी, फिरलेल्या कड्या आणि आमचा बांध



ऊसतोडणीची टोळी अजून आमच्या शिवारात आलेली नाही. केळीला पाणी देणं आणि टोळीची वाट बघणं एवढंच काम सध्या आहे. म्हणून आज पिकावर न लिहिता दुसऱ्याच गोष्टीवर लिहितो. गेल्या आठवड्यात केळीच्या घडाचा फोटो टाकला होता, त्यात मागं पडवीत एक काळी काठी आडवी ठेवलेली दिसते. पाच-सहा जणांनी विचारलं. एकजण म्हणाला फवारणीची नवीन नळी घेतली का, दुसरा म्हणाला ठिबकचं काही सामान आहे का. मंडळी, ती मासे धरायची काठी आहे. मी स्वतः बांधलेली. पहिल्यांदा बांधली तेव्हा पार वाकडी झाली, सगळी कापून परत बांधली. त्यात काय चुकलं आणि ते कसं दुरुस्त केलं ते सांगतो. कुणाच्या पोराला हौस असेल तर उपयोग होईल. आणि त्यातून एक घरातली गोष्ट निघाली, तीही सांगणार आहे. सांगावी की नाही याचा चार दिवस विचार केला, मग ठरवलं की सांगायचीच.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून. धरण 1980 ला पुरं झालं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. जुनं गाव आणि भीमेकाठची चांगली काळी जमीन पाण्यात गेली. उरली ती साडेसात एकर. वडील म्हणायचे, पाण्यानं रान नेलं तर पाण्यातनं काहीतरी काढलं पाहिजे. संध्याकाळी वैरण टाकून झाली की कळकाची काठी घेऊन पाण्यावर जायचे. काठीच्या शेंड्याला तंगूस बांधलेला, मोरपिसाच्या दांडीचा तरंगा, गळाला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा. चिलापी मिळायची, कधी वाम, नशीब असलं तर रोहू. त्या काठीला कडीही नव्हती आणि रीलही नव्हतं, त्यामुळं काही बिघडायचा प्रश्नच नव्हता. नवीन कळक तोडून आणला की वडील एक डोळा झाकून तो बुडापासून शेंड्यापर्यंत बघायचे. वाकडा असला की केळीला टेकू द्यायला ठेवायचे.

आम्ही दोघं भाऊ. थोरले दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. वडिलांचा मासे धरायचा नाद दादांनी घेतला, मी अवजारांच्या नादाला लागलो. पाभर, फवारणीचा पंप, इंजिन, जे बिघडेल ते मीच उघडून बसायचो. 2009 ला वाटणी झाली, दोघांना पावणेचार-पावणेचार एकर आलं. वाटणी गोडीत झाली. भांडण झालं ते नंतर, बांधावरून. त्यावर पुढं येतो.

दादांचे दोन्ही गुडघे आता गेलेत. डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही असं सांगितलंय. रान पुतण्या फोनवरून आणि गड्यांकडून बघतो, तो पुण्याला नोकरीला आहे. दादा संध्याकाळी पाण्यावर खुर्ची टाकून बसतात. परवाना काढलेला आहे, त्यामुळं कुणी हटकत नाही. पण कळकाच्या काठीनं गळ लांब जात नाही आणि उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की दादांना गाळातून पुढं जाता येत नाही. म्हणून पुतण्यानं दिवाळीत सुट्टं सामान मागवलं. दोन तुकड्यांची आठ फुटी काळी पोकळ नळी, रील बसवायची बैठक, बुचाच्या मुठी, सात कड्या, शेंड्याची टोपीकडी, दोरा आणि दोन बाटल्यांतला एपॉक्सी. तयार काठी का नाही घेतली म्हणून विचारलं तर म्हणाला, "काका, तयार काठ्यांच्या मुठी आखूड असतात. आबांना बसून टाकायचं असतं, त्यांना मूठ लांब पाहिजे. आणि तुमच्याशिवाय इथं हे बांधणार कोण?"

पुतण्या आमच्यात अजून ये-जा करतो. दादांचं आणि माझं चार वर्षं बोलणं नव्हतं, हे त्याला माहीत असून त्यानं ते सामान माझ्याच पडवीत आणून ठेवलं. मी ओळखलं. पण नाही म्हणालो नाही.

आता काठीकडं येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रीलमधून सुटलेला तंगूस या कड्यांतून ओवत शेंड्यापर्यंत जातो. रीलजवळची कडी सगळ्यात मोठी, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी. पुढं लहान लहान होत जातात. शेंड्याच्या टोपीकडीचं भोक ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठं. मुठीकडं कड्यांमधलं अंतर जास्त, शेंड्याकडं कमी, कारण शेंडा जास्त वाकतो. सगळ्या कड्या एका रेषेत पाहिजेत. नसल्या तर तंगूस कडेला घासतो, गळ लांब जात नाही, आणि मोठा मासा ओढायला लागला की काठी हातातल्या हातात पिळते. रोज पिळ बसला की कडीवरचा दोरा आणि एपॉक्सी तडकतो.

मी काम सुरू केलं ते थंडीत. बाभळीच्या दोन फळ्यांना वर खाच पाडून ठाण केलं, खाचेत फडकं लावलं. दोऱ्याला ताण पाहिजे म्हणून दोरा जुन्या शेती डायरीच्या पानांतून ओढला आणि डायरीवर किलोचं माप ठेवलं. एपॉक्सी वाळेपर्यंत काठी सारखी फिरती पाहिजे, नाहीतर तो खाली ओघळून थेंब धरतो. त्याला बंद पडलेल्या कूलरमधली झडपा हलवणारी छोटी मोटर लावली. ती मिनिटाला थोडेच फेरे घेते, कामाला एकदम बरोबर. एवढी सगळी तयारी झाल्यावर मला वाटलं, आता काय, दोरा तर गुंडाळायचाय.

रीलची बैठक आणि मूठ आधी चिकटवली. मग बैठकीजवळची मोठी कडी बांधली. मग तिच्याशी नजर जुळवून दुसरी. दुसरीशी जुळवून तिसरी. असं करत सातवी आणि शेवटी टोपीकडी. प्रत्येक कडी बांधून झाली की मागच्या कडीतून बघायचो, बरोबर दिसायची. रात्री अकराला एपॉक्सी लावला, मोटर चालू केली आणि झोपलो.

सकाळी काठी उजेडात धरली आणि पोटात गोळा आला. मुठीपासून बघितलं तर कड्या नागवेलीसारख्या वळत गेलेल्या. पहिली खाली, चौथी जराशी उजवीकडं, आणि शेंड्याची तर पार बाजूला बघत होती. पण कुठल्याही दोन शेजारच्या कड्या घ्या, त्या एकमेकींशी बरोबर दिसत होत्या. माझा विश्वास बसेना. घरचीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मला तर पहिल्यापासनंच वाकडी दिसतीया."

दोन दिवस काठीला हात लावला नाही. मग एक एक गोष्ट तपासायला घेतली. काय सापडलं ते ओळीनं सांगतो.

पहिलं, नळी. नळी बघायला सरळ दिसते पण अगदी सरळ कुठलीच नसते, कुठंतरी अंगचा बाक असतोच. नळी हातात हळूहळू फिरवत शेंड्याकडं बघा, एका बाजूला शेंडा झुकलेला दिसतो. तो बाक डाव्या-उजव्या बाजूला आला तर कड्या कितीही सरळ बांधल्या तरी काठी वाकडी दिसणार. बाक वर किंवा खाली येईल अशी नळी फिरवून घ्यायची, मग वरून बघताना ती सरळ दिसते. तिथं पांढऱ्या पेन्सिलनं खूण करायची आणि बैठक त्या खुणेवर चिकटवायची. मी ही खूण केलीच नव्हती. नशिबानं बैठक थोडक्यात बचावली होती, बाक जवळजवळ खालीच आला होता.

दुसरं, कडीचे पाय. प्रत्येक कडीला नळीवर टेकायला एक किंवा दोन चपटे पाय असतात. ते काचेवर ठेवून बघायचे. सातपैकी एक कडी माझ्याकडं डगमगत होती, तिच्या एका पायाचा तळ फुगीर होता. अशी कडी बांधताना सरळ असते आणि दोरा ताणला की कलते. बारीक कानशीनं तळ घासून सपाट केला. पायाची टोकंही वरून उतरती घासायची, म्हणजे दोरा नळीवरून पायावर सहज चढतो. जाड टोकाला दोरा अडखळला की तो कडीला ढकलतो.

तिसरं, जोड. काठी दोन तुकड्यांची. मी दोन्ही तुकडे वेगवेगळे बांधले होते आणि नंतर जोडले. जोड जरा जरी फिरला की पुढच्या सगळ्या कड्या एकदम फिरतात. आधी तुकडे जोडून, दोन्हीकडं समोरासमोर ठिपका द्यायचा. तो ठिपका जुळवूनच पुढचं सगळं बघायचं.

चौथं, दोऱ्याची ओढ. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. दोरा गुंडाळताना आपण काठी एकाच दिशेनं फिरवतो. ताणलेला दोरा कडीच्या पायावर चढताना तिला थोडंसं आपल्याबरोबर ओढून नेतो. केसाएवढं. पण प्रत्येक कडीला त्याच बाजूला ओढतो. ताण फार असला तर बांधल्यावर कडी सरकवता येत नाही, ताण कमी असला तर दोरा सैल राहतो. बांधल्यानंतर अंगठ्यानं जोर दिला तर कडी जराशी हलावी, एवढाच ताण पाहिजे. मी किलोचं माप काढून पावकिलोचं ठेवलं.

आणि पाचवं, खरी चूक. मी प्रत्येक कडी तिच्या मागच्या कडीशी जुळवली. मागची केसभर फिरलेली होती. तिच्याशी जुळवलेली पुढची आणखी केसभर फिरली. अशा सात वेळा. प्रत्येक वेळी मला सरळच दिसत होतं, कारण मी वाकड्याशी जुळवून बघत होतो.

दुरुस्ती अशी केली. एपॉक्सी लागलेला दोरा काढायला नवं पातं घेतलं. दोरा कापताना पातं कडीच्या लोखंडी पायावर चालवायचं, नळीवर कधीच नाही. नळीवर ओरखडा पडला की मासा लागल्यावर काठी तिथंच मोडते. वरून चीर दिली, केस वाळवायच्या मशीननं थोडी ऊब दिली की दोरा सालीसारखा निघून येतो. उरलेला चिकटा नखानं काढला आणि स्पिरिटच्या फडक्यानं पुसला. टोपीकडी गरम करून लावायच्या चिकट कांडीनं बसवलेली असते, तिला जरा ऊब दिली की फिरते. ती उपटायची गरज नाही. पण ऊब बेतानं, काडीपेटीचा जाळ थेट धरायचा नाही, नळी आतून जळते.

दुसऱ्या वेळी आधी दोन टोकं पक्की केली. रील बैठकीत बसवलं, त्याचा पाय खाली उभा राहतो, ती एक खूण. टोपीकडी त्याच्याशी जुळवली, ती दुसरी खूण. मग मधल्या सातही कड्या नुसत्या चिकटपट्टीनं लावल्या, दोरा नाही. बैठकीच्या मध्यापासून टोपीकडीच्या मध्यापर्यंत पांढरा दोरा ताणला आणि प्रत्येक कडी त्या दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारखी दिसेपर्यंत फिरवली. मग तो दोरा काढून मुठीच्या मागून एका डोळ्यानं बघितलं. मागं आकाश किंवा पांढरी भिंत पाहिजे. सरळ असेल तर मोठ्या कडीच्या आत लहान, लहानीच्या आत तिच्याहून लहान अशा कड्या एकात एक बसलेल्या दिसतात. डोकं कडेला कललं तर सगळं खोटं दिसतं, म्हणून मी काठी खिडकीच्या गजाला बांधली आणि स्वतः पाटावर बसून बघितलं. रात्री बल्बखाली काही ठरवायचं नाही. डोळा दमलेला असतो, जे पाहिजे तेच दिसतं.

दोरा बांधण्याआधी ओझं लावून बघितलं. तंगूस सगळ्या कड्यांतून ओवला आणि शेंड्याला अर्धी भरलेली पाण्याची लिटरची बाटली टांगली. काठी वाकली. तंगूस काठीच्या बाकाबरोबर वळत जायला पाहिजे. दोन कड्यांमध्ये तो एकदम कोन करत असेल तर तिथलं अंतर जास्त झालंय. शेंड्याकडच्या दोन कड्या मला अर्धा-अर्धा इंच सरकवाव्या लागल्या.

मग बांधणी. प्रत्येक कडी बांधली की मागच्या कडीशी नाही, दोन टोकांच्या खुणांशी जुळवली. सगळ्या झाल्यावर एपॉक्सी न लावता काठी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी ताज्या डोळ्यानं बघितलं तर तिसरी आणि सहावी जरा फिरली होती, अंगठ्यानं सरकवली. मगच एपॉक्सी. थंडीत तो घट्ट होतो, म्हणून दोन्ही बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या. दोन्ही भाग मोजून सारखे घ्यायचे, अंदाजानं नाही. एक जरी कमी-जास्त झाला तर आठवडाभर चिकट राहतो. पातळ एक हात दिला, दुसऱ्या दिवशी दुसरा.

काठी सरळ झाली. आता घरातली गोष्ट.

ती पाचवी चूक सापडली त्या रात्री मला झोप आली नाही. मागच्या वर्षीच्या खुणेशी जुळवून यंदा सरळ आहे असं म्हणणारा मी आणखी एका ठिकाणी होतो, आणि ते ठिकाण म्हणजे आमचा बांध.

वाटणीच्या वेळी वरच्या अंगाला दगड पुरला होता आणि खाली ओढ्याकाठची बाभळ धरली होती. दगड ते बाभळ सरळ बांध. चार वर्षांपूर्वी दादा म्हणाले, बांध माझ्याकडं सरकलाय. मी म्हणालो, अजिबात नाही. मी खोटं बोलत नव्हतो. दरवर्षी रोटाव्हेटर मारताना मी स्वतः पुढं उभा राहतो आणि मागच्या वर्षीचा बांध बघून ट्रॅक्टरवाल्याला सांगतो, इथपर्यंत. शब्दाला शब्द वाढला. मी म्हणालो, गुडघे गेले तशी नजर पण गेली का तुमची. हे मी म्हणालो. थोरल्या भावाला, चार माणसांत. त्यानंतर दादा माझ्या दारात आले नाहीत आणि मी त्यांच्या. पुतणीच्या लग्नात मी पाहुण्यासारखा जेवून आलो.

संक्रांतीच्या आधी एके दिवशी पहाटे वारा नव्हता. पुतण्यानं दिलेल्या तंगूसाचं तीनशे मीटरचं रीळ घेतलं आणि घरचीला म्हणालो, चल जरा रानात. तिला दगडाजवळ टोक धरून उभं केलं आणि मी बाभळीपर्यंत चालत गेलो. बांध साधारण दोनशे मीटरचा. तंगूस ताणला, मध्ये गवतात अडकला होता तो सोडवला, परत ताणला. मग मधोमध येऊन बघितलं.

दोन्ही टोकाला बांध बरोबर होता. मध्ये तो दादांच्या रानात चार फूट गेला होता. एकदम नाही, धनुष्यासारखा. हिशोब केला तर दीड गुंठ्याच्या आसपास होतं. माझा हरभरा त्यावर डोलत होता.

घरची तिकडून चालत आली. तिनं तंगूसाकडं बघितलं, बांधाकडं बघितलं आणि म्हणाली, "मी तवाच म्हणाले हुते. तुम्ही माझ्यावरच वरडला हुता." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं.

दीड गुंठा म्हणजे फार नाही असं कुणी म्हणेल. रान किती हा प्रश्नच नव्हता. चार वर्षं मी माणसाला खोटं ठरवलं होतं, आणि तो खरा होता.

काठी घेऊन मी दादांकडं गेलो ते त्याच आठवड्यात. दार उघडंच होतं. वहिनींनी मला बघितलं आणि आत जाऊन गॅस पेटवला. दादा पलंगावर बसले होते. मी काठी पुढं केली. म्हणालो, "पोरानं सामान आणलं हुतं. मी बांधलीय."

दादांनी काठी हातात घेतली. जोड बसवला, ठिपका जुळवला, आणि एक डोळा झाकून मुठीकडून शेंड्याकडं बघायला लागले. अगदी वडिलांसारखं. बराच वेळ बघत होते. मला दहावीच्या निकालाला वाटली नव्हती तेवढी धास्ती वाटली.

"सरळ हाय," दादा म्हणाले.

मी म्हणालो, "पहिल्यांदा वाकडी झाली हुती. सगळी कापून परत केली." मग थांबलो तर परत बोलवणार नाही असं वाटलं, म्हणून लगेच म्हणालो, "दादा, बांध पण बघितला. तंगूस लावून. मधी चार फूट तुमच्यात गेलाय. तुम्ही बरोबर हुता. आणि मी तवा जे बोललो, ते बोलायला नको हुतं."

दादा काठीकडंच बघत होते. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या राहिल्या. जरा वेळानं दादा म्हणाले, "मोजणी आणायची का?"

"आणायची तर आणू, पैसं मी भरतो. पर दगड हाय, बाभळ हाय."

"बाभळ," दादा म्हणाले. "वाटणीला मनगटाएवढी हुती. आता मिठीत मावत न्हाई. कुठनं धरायची? आतल्या अंगानं का भायल्या?"

"मधोमध धरू."

"मधोमध धर." दादांनी चहाचा कप उचलला. "आन् हरभरा उभा हाय तवर काय हात लावू नगस. पीक तुझं हाय. काढणी झाल्यावर बघू."

एवढंच बोलणं झालं. गळ्यात गळा वगैरे काही घातला नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. निघताना दादा म्हणाले, मूठ लांब केलीस ते बरं केलंस. मी म्हणालो, पोरानंच माप दिलं होतं.

काठीनं अजून मोठा मासा लागलेला नाही. चिलापी मिळतात, परवा वहिनींनी कालवण पाठवलं. मासा मोठा लागला की काठीची खरी परीक्षा होईल, तेव्हा कळवतो. हरभरा होळीच्या आसपास निघेल. त्यानंतर दगडापासून बाभळीपर्यंत परत तंगूस ताणायचा, दोघांनी मिळून, आणि बांध जागेवर घ्यायचा. या वेळी मध्ये तीन दगड पुरणार आहे, म्हणजे पुढच्या वर्षी ट्रॅक्टरवाल्याला मागच्या वर्षीचा बांध दाखवावा लागणार नाही.

ज्यांना काठी बांधायची आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवा. नळीचा बाक आधी शोधा. कडीचे पाय काचेवर तपासा. जोडाला ठिपका द्या. दोऱ्याला ताण बेताचा. दोन टोकं आधी पक्की करा आणि मधली प्रत्येक कडी त्या टोकांशी जुळवा, शेजारच्या कडीशी नाही. एपॉक्सी लावायच्या आधी एक रात्र जाऊ द्या.

आणि ज्यांच्या बांधाचा वाद आहे त्यांनी कचेरीत जायच्या आधी एकदा पहाटे, वारा नसताना, दोरी लावून बघा. बाभळ असेल तर तिचा बुंधा मधोमध धरा.

उद्या केळीच्या पिल्लांवर लिहितो. राम राम.